तपकिरी चुरा

१

"पाकिटात जे आहे ते माझं नाही," असं आई मला शेवटच्या आजारपणात म्हणाली होती. मी तिची उशी नीट केली आणि "बरं" म्हटलं. तेव्हा तिला मॉर्फिन चालू होतं, आणि आदल्याच दिवशी तिला परसात घोडा दिसला होता.

ती एप्रिलमध्ये गेली. जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात, मी होबार्टच्या त्या थंडगार अळंबी-संग्रहात त्याच पाकिटासमोर बसले होते. तळहाताएवढं, जाड कागदाचं पाकीट. वर आईच्या अक्षरात जागा, वर्ष आणि झाडाचं नाव, आणि कडेला लाल पट्टी. लाल पट्टी म्हणजे मूळ नमुना. ज्याच्यावरून एखाद्या जातीला पहिल्यांदा नाव दिलं, तो एकमेव तुकडा. नावाबद्दल पुढे कधी भांडण झालं, तर निवाडा या तुकड्यावरून व्हायचा.

पाकिटातल्या अळंबीला आमच्या घरात 'बिस्किट' म्हणत. लॅटिन नाव लांबलचक होतं, आणि वाळल्यावर ती दिसायची थेट आल्याच्या बिस्किटासारखी. १९७९ साली आईला ती दक्षिणेकडच्या एका घळीत, पडलेल्या मर्टलच्या ओंडक्यावर सापडली. ओळखीच्या कुठल्याच घराण्यात बसेना, म्हणून आईनं तिच्यासाठी नवी प्रजाती उभी केली. पुढे त्या घळीला वणवा लागला. बिस्किट पुन्हा कुणाला दिसलं नाही.

आणि आता आनेके होक्स्ट्राचं म्हणणं होतं की ते कधी नव्हतंच.

"मी तीनदा करून बघितलं," ती म्हणाली. "डीएनए अगदी स्वच्छ येतोय. ही साधी 'बशी' आहे, रोवेना. प्रत्येक कुजक्या बुंध्यावर असते ती. ऊनाची, तुमच्या आईची, प्रजाती उभी राहत नाही."

आनेके ही आईची शेवटची विद्यार्थिनी. लाकूड कुजवणाऱ्या अळंब्यांची सगळी घराणी ती डीएनएवरून नव्यानं लावत होती. रूपावरून बहिणी मानलेल्या दोघींना वेगळं काढायची, जन्मात एकमेकींना न भेटलेल्यांना एका घरात आणून ठेवायची. आईच्या अंत्यविधीला ती हमसून रडली होती. मी सँडविचेस फिरवत होते. आईनं शेवटच्या वर्षी शोधलेल्या, सालीवरच्या पापुद्र्यासारख्या एका बुरशीला आनेकेचं नाव दिलं होतं. माझं नाव तिनं कशालाच दिलं नाही. घरच्यांची नावं द्यायची नसतात, असा तिचा नियम होता, आणि इतकी वर्षं मला तो पटत आला होता.

"शोधनिबंध कधी जातोय?" मी विचारलं.

"महिनाअखेर. आभारांत मी तिच्याबद्दल खूप चांगलं लिहिलंय."

"दयाळू आहात."

तिचे कान लाल झाले. निबंध छापून आला की आईची प्रजाती चुकांच्या यादीत जाणार होती, आणि यादीत एकदा गेलेलं नाव सहसा परत येत नाही. मेलबर्नमध्ये मी इतरांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासते. चूक कशी कायमची होते ते मला माहीत आहे.

"हात लावू का?"

"लावा. फक्त अळंबीला नको."

मला अळंबीशी काही करायचं नव्हतं. आनेकेनं ती चिमट्यानं बाहेर काढून ठेवली, आणि मी रिकामं पाकीट उलटं धरलं. असली पाकिटं मी सहा वर्षांची असल्यापासून घरी स्वयंपाकाच्या टेबलावर दुमडत आले. आई आणि मी मिळून करायचो असं ते एकच काम. सगळे जण बाजू दुमडून मोकळे होतात. आई खालच्या दोन्ही कोपऱ्यांना आणखी एक मोड घालायची, म्हणजे काही सांडत नाही. त्या मोडीत एक चिमुकला खिसा तयार होतो. वरची पाळी उघडून चिमट्यानं नमुना काढणाऱ्याला तो दिसत नाही.

मी डाव्या कोपऱ्याची मोड नखानं उलगडली. पांढऱ्या कागदावर चिमूटभर चुरा पडला.

आनेके वाकली.

"हे लाकूड आहे," मी म्हटलं.

"तपकिरी," ती म्हणाली, आणि तिनं खुर्ची ओढली.

२

लाकूड कुजवणाऱ्यांचे दोन स्वभाव असतात. एक लाकडातलं पांढरं खातात आणि तपकिरी सांगाडा मागे ठेवतात. असं लाकूड वाळलं की त्याचे चौकोनी तुकडे पडतात, चॉकलेट मोडल्यासारखे. दुसऱ्या जातीचे तपकिरीही खातात, मागे राहतात फिकट, ओल्या लोकरीसारखे धागे. बशी ही दुसऱ्यांतली. बिस्किट पहिल्यांतलं असल्याचं आईनं लिहिलं होतं, आणि तिच्या टीकाकारांनी निम्मी टिंगल त्यावरूनच केली होती.

कागदावरचे कण मोहरीएवढे होते, पण भिंगाखाली त्यांच्या कडा विटेसारख्या सरळ दिसत होत्या.

"बशी असं करत नाही," आनेके म्हणाली. "करूच शकत नाही. म्हणजे या पाकिटात आधी दुसरं काहीतरी होतं." मग मान वर करून, "पण मग खरं बिस्किट कुठंय?"

"तेच तुम्हाला विचारणार होते."

"मी बदललं असं म्हणायचंय का?"

"मी काही म्हटलं नाही."

"तुमचा चेहरा आल्यापासून म्हणतोय."

आईला अशीच फटकळ माणसं आवडायची.

लाल पट्टीच्या कपाटाला चार किल्ल्या. एक आईची. एक डेस क्वॉर्मबींची, लहानपणापासूनच्या माझ्या डेसकाकांची. ते तीस वर्षं या संग्रहाचे राखणदार होते आणि मार्चअखेर निवृत्त झाले. एक आनेकेची. चौथी मंगळवारी ग्लेनिस थॉर्पकडे असायची. ती पाकिटं चिकटवायला हौसेनं येते. आनेकेनं नमुन्याचा कण काढला गेल्या जुलैत. त्याआधी तिनं बिस्किट कधी पाहिलं नव्हतं.

"वर बिस्किट लिहिलं होतं, म्हणून मला बिस्किट दिसलं," ती म्हणाली. "वाळल्यावर दोन्ही सारखीच दिसतात. मागे लाकूड असतं तर कळलं असतं. पण हा नमुना लाकडापासून साफ कापलेला होता. जुन्या लोकांनी कापला असेल म्हटलं."

"आई लाकूड कधीच कापायची नाही."

"माहीत आहे. 'अळंबी काय करते ते लाकूड सांगतं.' मला रोज ऐकवायची." तिनं डोळे पुसले. "मार्चमध्ये निकाल सांगायला गेले, तेव्हा मी पाकीट तिच्या घरी नेलं होतं. तिनं भिंगातून खूप वेळ पाहिलं. मग माझा हात थोपटला आणि म्हणाली, 'तुझं काम स्वच्छ आहे.'"

"एवढंच?"

"एवढंच."

त्याच संध्याकाळी आईनं मला सांगितलं होतं की ते तिचं नाही. म्हणजे तिनं ओळखलं होतं. आणि ओळखूनही हिच्याकडे एक अक्षर काढलं नव्हतं. चाळीस वर्षांचं काम बुडताना पाहून तिनं हात थोपटला होता. माझा हात तिनं कधी थोपटल्याचं मला आठवेना.

आनेकेनं चुरा उचलायला चिमटा घेतला. "लाकडात अळंबीचे तंतू शिरलेले असतात. यातूनही डीएनए निघेल. जुना आहे, पण बघते."

"अर्धा माझ्याकडे राहील."

ती एकदम हसली. "ऊनानंही हेच केलं असतं!"

मी माझा अर्धा भाग लिफाफ्यात घातला आणि लिफाफा पर्समध्ये. आई आनेकेला वाचवत होती, यात मला शंका उरली नव्हती. प्रश्न इतकाच होता की कशापासून.

३

ग्लेनिसनं मनगटांवर लोकरीच्या पट्ट्या चढवल्या होत्या आणि समोर लॅमिंग्टन केकचा डबा उघडा होता.

"बदललं? अगं बाई! मग खरं कुठं टाकलं मेल्यानं?"

"कुणी टाकलं असं वाटतं तुम्हाला?"

"मला कशाला विचारतेस? मला बशी नि बिस्किट यांतला फरक कळत असता तर तुझ्या आईनं मला गाढव कशाला म्हटलं असतं? नाताळच्या जेवणात, सगळ्यांसमोर. हातात माझंच पुडिंग धरून!"

"अजून राग आहे?"

"आहे की. पण आता चढून बोलले तरी उलट उत्तर येत नाही, मग मजा काय? खा, लॅमिंग्टन खा. वाळलीस."

मी खाल्लं. तिनं दाराकडे पाहून आवाज उतरवला.

"आनेके आली ना, तेव्हापासून या जागेची कळाच गेली. दळते गं ती नमुने! मसाला दळावा तसे. एक कण म्हणते, पण कण कण करत डोंगर जातो. आणि तुझी आई तिच्यावर खूश. डेसची खुर्ची खिडकीशी होती, तीस वर्षं. ती हलवून कोपऱ्यात घातली, उजेड आनेकेला हवा म्हणून. कुणी हलवली? ऊनानं, स्वतःच्या हातानं. आणि गुरुवार? गुरुवारी रानात जायचं ते ऊना नि डेस, देवाघरचा नियम असल्यासारखा. एके दिवशी बिचारा डबा घेऊन गाडीशी उभा, आणि या दोघी त्याच्यासमोरून गेल्या. हात हलवून!"

"आनेके पाकिटाजवळ एकटी असायची?"

"सारखी. शनिवारीसुद्धा. तिला घर नाही वाटतं."

ग्लेनिस सांगत होती डेसबद्दल, आणि मी ऐकत होते आनेकेबद्दल. परत जाताना मी मनात निकालपत्र लिहून टाकलं. घाईत तिच्या टेबलावर दोन नमुन्यांची सरमिसळ झाली. खरा तुकडा तिनं दळून संपवला. आईनं ते ओळखून झाकलं. डोंगरावर बर्फ पडला होता आणि वारा कान कापत होता, पण मला आतून ऊब वाटत होती. आनेकेचं नाव त्या पापुद्र्यावरून काढता येतं का, असंही मी मनाशी विचारून पाहिलं. येत नाही. नियम आहे.

फक्त साक्षीदार हवा होता. मी डेसकाकांना फोन केला, आणि ते म्हणाले, "ये की. मी वाटच बघत होतो."

४

डेसकाकांची शॅक दक्षिणेला, पाण्याच्या काठावर. बायको गेल्यापासून ते तिथंच राहतात. खिडकीच्या पट्टीवर पावाच्या पिशव्यांच्या क्लिपा रंगवार लावलेल्या. बरणीत सुतळीचे तुकडे, आणि बरणीवर चिठ्ठी: 'कामास न येणारे तुकडे'. मॅव्हिसकाकूचा चष्मा रेडिओवर, ती आत्ताच उठून गेल्यासारखा.

"हे अजून ठेवलंय?"

"टाकून काय मिळतं, रो?" त्यांनी शिंपल्यांची करी भरलेली पेस्ट्री भट्टीतून काढली. "बस. तुझ्या आईची आवडती. ती वरचं खुसखुशीत कवच खायची नि आतलं मला ढकलायची."

मी त्यांना सगळं सांगितलं. दुहेरी मोड, चुरा, सरळ कडा. त्यांनी काटा खाली ठेवला आणि समोरचा रुमाल चार घड्या करून काट्याशेजारी ठेवला.

"तपकिरी," ते म्हणाले.

"हो."

"अजून कुणाला माहीत आहे?"

"आनेकेला. ग्लेनिसला."

"म्हणजे झालंच. आता न्यूझीलंडपर्यंत जाईल." ते हसले, पण हसू पुरतं आलं नाही. "ती पोर हुशार आहे. नाही म्हणणार नाही. पण घाई फार. टेबलावर एका वेळी वीस वीस पाकिटं उघडी. मी असताना एक पाकीट उघडलं की दुसरं बंद. तीस वर्षांत माझ्या कपाटात एक पाकीट रिकामं सापडायचं नाही तुला, आणि एक तुकडा बेवारस सापडायचा नाही."

"म्हणजे तिच्याच हातून झालं?"

"मी कुठं म्हणतोय? तूच म्हणतेयस."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

"किल्ली परत करताना सही घेतली तिनं माझी," ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "माझी. त्या कपाटाची कुलपं मी बसवलीत. तुझी आई आजारी नसती तर मी आणखी दोन वर्षं राहिलो असतो. पण ती यायची बंद झाली, मग कुणासाठी थांबायचं? शेवटी शेवटी तर तिला माझी आठवणही नव्हती. सगळं आनेके. आनेके असं म्हणाली, आनेकेनं तसं केलं."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "दर रविवारी फोनवर मीही तेच ऐकायची."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत इतकं बरं मला कुणाजवळच वाटलं नव्हतं. निघताना त्यांनी झाडाची लिंबं दिली, धुऊन वाळवलेल्या जुन्या पिशवीत. फाटकाशी उभे राहून हात हलवत राहिले.

अर्ध्या वाटेवर, सफरचंदांच्या एका बंद टपरीशी मी गाडी थांबवली. लिंबं सीटवरून घरंगळली होती. ती गोळा करता करता एक वाकून हात घातला तरी सापडेना, आणि मी स्वतःशीच मोठ्यानं म्हटलं, "कुठं गेलं ते?"

आणि तशीच वाकलेली राहिले.

५

काही हरवलं की माणूस हाच प्रश्न विचारतो. आनेकेनं विचारला होता, मला टोचून बोलायच्याही आधी. ग्लेनिसनं विचारला होता, तोंडात लॅमिंग्टन असताना. डेसकाकांनी, ज्यांना त्या कपाटातल्या एकूण एक तुकड्याची काळजी, त्यांनी विचारलं होतं, 'अजून कुणाला माहीत आहे?' बिस्किट कुठंय, हे त्यांनी विचारलंच नव्हतं.

ठाऊक असल्याखेरीज कोण विचारणार नाही?

मला ते नको होतं. टपरीशी बसून मी पुन्हा पुन्हा आनेकेला गुन्हेगार करून पाहिलं. पण आनेकेकडून सरमिसळ झाली असती, तर तिच्या टेबलावर बशीचं एखादं पाकीट रिकामं उरलं असतं, आणि ते तिनं केव्हाच ओरडून सगळ्यांना सांगितलं असतं. शिवाय नमुना लाकडापासून साफ कापलेला होता. घाईनं झालेला घोळ इतका नीटनेटका नसतो. पांढऱ्या लाकडानं बशी ओळखू येईल, हे जाणणाऱ्या माणसानं ते लाकूड आधी काढून टाकलं होतं.

मग बिस्किटाचं त्यांनी काय केलं असेल? दुसऱ्या कुणी ते शेगडीत टाकलं असतं आणि हात झटकले असते. पण सुतळीचे निरुपयोगी तुकडे चिठ्ठी लावून ठेवणारा माणूस आईचा मूळ नमुना जाळेल? शक्य नव्हतं. घरी आणेल? तेही नाही. मी लहान असताना एकदा एक सुंदर अळंबी खिशात घालून नेत होते, तेव्हा त्यांनीच मला थांबवलं होतं: "संग्रहाबाहेर गेला की नमुना मेला, रो."

म्हणजे तो आतच होता. आणि पाकिटात घातलेली बशी कुठल्यातरी दुसऱ्या पाकिटातून आली होती. ते पाकीट रिकामं झालं होतं. आणि तीस वर्षांत डेसकाकांच्या कपाटात एक पाकीट रिकामं सापडायचं नव्हतं.

सकाळी मी आनेकेच्या दारात उभी राहिले. तिच्याशिवाय संग्रहातले खण मला उघडता येणार नव्हते.

"तुझी मदत हवी आहे," मी म्हटलं.

"मला 'तू' म्हणालीस," ती म्हणाली.

"थंडीमुळे. चल."

बशीची पाकिटं खालच्या रांगेत होती, खणच्या खण. इतकी साधी अळंबी की जो तो उचलून आणतो.

"शोधायचं काय?"

"तपकिरी लाकूड."

तिला ते एका श्वासात कळलं. आम्ही जमिनीवर बसलो, दोन बाजूंनी सुरुवात केली. पांढरे धागे. पांढरे धागे. एकात किड्यांची भुकटी. पुन्हा पांढरे धागे. आनेकेनं प्रत्येक पाकीट बंद करूनच दुसरं उघडलं. मी मुद्दाम पाहत होते.

"रोवेना."

तिच्या हातातलं पाकीट जुनं होतं. घळ तीच, साल तेच. गोळा करणारा: डी. क्वॉर्मबी. आईनं बिस्किट उचललं त्याच दिवशी त्यांनी शेजारच्या बुंध्यावरून बशी उचलली असावी. पण आत होतं ते तपकिरी, फुगीर, कडेला चिरा गेलेलं, आणि त्याच्या पाठीला चॉकलेटसारखं लाकूड घट्ट धरून बसलेलं.

"हॅलो," आनेके त्याला हळूच म्हणाली, आणि रडायला लागली. या वेळी मी तिला रुमाल दिला.

"काल चुऱ्याचा निकाल आला," ती नाक पुसत म्हणाली. "तुला फोन करणार होते, पण तुला माझा आवाज आवडत नाही. चारही कणांचं उत्तर एकच. ती बशी नाही. तिच्या आसपासचीही नाही. अख्ख्या वंशवृक्षावर एकटी, लांब फांदीवर बसलीय. ऊनानं नुसत्या डोळ्यांनी ते ओळखलं होतं." मग पाकिटावरचं नाव तिनं पुन्हा वाचलं. "पण डेस? त्याचं तर तिच्यावर..."

"हो," मी म्हटलं. "म्हणूनच."

६

मला पाहताच त्यांनी किटली चढवली. मी काही बोलण्याआधी म्हणाले, "माझ्याच पाकिटात सापडलं ना?"

"खालच्या रांगेत."

"ओल लागली नव्हती?"

"नाही. चांगलं आहे."

त्यांनी मान डोलावली आणि दोन कप मांडले. मग तिसराही काढला आणि परत ठेवला.

"का, डेसकाका? तिचं आयुष्यभराचं काम होतं ते."

"तिचं बुडवायचं नव्हतं गं. त्या पोरीचं बुडवायचं होतं. मला वाटलं, यंत्र सांगेल बशी, ती पळत जाईल ऊनाकडे, आणि ऊना भिंग लावून एकदाच बघेल नि म्हणेल, 'तुला बशी ओळखता येत नाही आणि जगाची घराणी लावायला निघालीस!' तुझ्या आईची जीभ तुला माहीत आहे. हाकलून दिलं असतं तिला. मग परत गुरुवार." ते थांबले. "ऊना चुकणार नाही याची मला इतकी खात्री होती. ती चुकलीही नाही. फक्त बोलली नाही."

"आनेकेला वाचवलं तिनं."

"आनेकेला?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कीव केल्यासारखं. "त्याच रात्री तिनं मला फोन केला, रो. कितीतरी दिवसांनी. मला वाटलं शिव्या देईल. म्हणाली, 'डेस, टाकलं नाहीस ना?' मी म्हटलं, नाही. म्हणाली, 'मग ठीक.' आणि फोन ठेवला."

किटली शिट्टी घालायला लागली. दोघांपैकी कुणी उठलं नाही.

"मी परत ठेवणार होतो. ती वाट बघत होती, मला कळत होतं. पण पाकीट आनेकेकडून परत कपाटात येईपर्यंत माझी किल्ली गेली. आणि किल्ली मागायची कुणाकडे? तिच्याकडे?" त्यांनी समोरचा रिकामा कप फिरवून ठेवला. "मागायला जीभ रेटली नाही. आणि मग तुझी आई गेली."

आनेकेला एक थोपटणं. मला एक वाक्य, तेही अर्धं. आणि या माणसाला, ज्यानं तिचं सगळ्यात मोलाचं काम उचलून लपवलं, त्याला तिनं कोण, का, कसं, काही विचारलं नव्हतं. जे विचारलं ते विचारायला माणूस चाळीस वर्षं आतून ओळखीचा लागतो. मी इतके दिवस चुकीच्या बाईवर जळत होते.

मी उठून किटली उतरवली. चहा केला. त्यांचा कप त्यांच्यापुढे ठेवला.

"आनेकेला सांगणार?"

"ते पाकीट तिनंच उघडलं. निबंधात ती लिहिणार आहे की नमुना शेजारच्या पाकिटात गेला होता, तो सापडला, आणि प्रजाती उभी आहे. कुणी घातला ते लिहिणार नाही. पण एक अट आहे तिची."

"काय?"

"तुम्ही यायचं. गुरुवारी. आणि स्वतःच्या हातानं परत ठेवायचं. तिच्यासमोर."

"बाई गं," ते म्हणाले. "ऊनानंच शिकवलंय तिला."

गुरुवारी ते टाय लावून आले. आनेकेनं लाल पट्टीचं कपाट उघडलं आणि किल्ली टेबलावर त्यांच्याजवळ ठेवली, सहीबिही न मागता. ग्लेनिस दारात उभी होती, एरवी कधी नसते तशी गप्प. त्यांनी बशी तिच्या पाकिटात परत घातली. मग बिस्किट दोन्ही हातांनी उचललं, त्याच्या पाठीचं लाकूड कुठं लागणार नाही असं जपत, आणि आईच्या पाकिटात ठेवलं.

घडी घालताना ते अडखळले. बाजू दुमडल्या, वरची पाळी खाली आणली, पण खालचे कोपरे उघडे राहत होते. मी मोड उलगडून ठेवली होती, आणि ती परत कशी बसते ते त्यांना समजेना. त्यांनी पाकीट आनेकेकडे दिलं. तिनं दोनदा प्रयत्न केला. तीस वर्षं त्या कपाटाची राखण केलेला माणूस आणि आईची वारस, दोघंही त्या जाड कागदाकडे पाहत राहिले.

"इकडे द्या," मी म्हटलं.

उजवा कोपरा आईनं दुमडलेला होता, पट्टी लावल्यासारखा. डावा, ज्यात तो चुरा अडकला होता, तो जरा वाकडा होता. जुनी मोड तशीच उमटून राहिली होती, सहा-सात वर्षांच्या लहान हातानं, जोर लावून घातलेली. मी त्याच वाकड्या रेषेवर कागद पुन्हा दुमडला आणि नखानं दाबून बसवला.